तिसऱ्या रकान्यातली खूण

दरवर्षी मे महिन्यात माझ्या टेबलावर पेढ्यांचे पुडे जमतात आणि दरवर्षी त्यातला पहिला पेढा माझ्या घशात अडकतो. विद्यार्थी समोर उभा असतो, आईचे डोळे भरलेले असतात, वडील माझा हात सोडत नाहीत, आणि मी तोंडभर हसत मनात म्हणत असतो, ह्याला? ह्याला मिळालं? 'तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा' असं संपादकांनी कळवलं, तेव्हाच मी ठरवलं की लिहायचं तर हे आधी लिहायचं. यवतमाळात मी एमबीएच्या प्रवेशाची तयारी करून घेतो. चोवीस वर्षं झाली. ज्या दारातून मी परत आलो त्या दारातून पोरं आत धाडणं हा माझा धंदा आहे, आणि आत गेलेल्या प्रत्येकावर मी जळलो आहे.

आमचं काम नेमकं काय, ते बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, गणितं शिकवतो. शिकवतोच, पण त्या परीक्षेत प्रश्न सोडवण्यापेक्षा सोडून द्यायला जास्त अक्कल लागते. वेळ थोडा, प्रश्न फार, आणि उत्तर चुकलं की मिळालेले गुणही कापतात. आमच्याकडची हुशार पोरं दहावी-बारावीत एकही प्रश्न न टाकता आलेली. त्यांना 'हा राहू दे, पुढे हो' म्हटलं की अपमान वाटतो. एकाच गणिताशी पंधरा मिनिटं कुस्ती खेळून अख्खा पेपर घालवलेले किती तरी टॉपर माझ्याकडे येऊन रडले आहेत. म्हणून पहिले दोन महिने मी फक्त सोडून द्यायला शिकवतो.

परीक्षेनंतर फॉर्म येतो. मोठ्या संस्था नुसते गुण पाहत नाहीत. तुम्ही आजवर काय केलंत, कुठे अडलात, इथेच का यायचं आहे, असे निबंध लिहायला लावतात. मग तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं मागतात, आणि शेवटी मुलाखत. पोरं निबंधात लिहितात, 'मी मेहनती आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत.' मी लाल पेनानं ते सगळं खोडतो आणि विचारतो, केलंस काय ते सांग. 'काहीच नाही केलं जी सर.' मग तासभर खोदून काढलं की कळतं, गावच्या नळयोजनेचा बंद पडणारा पंप ह्यानंच तीन उन्हाळे चालू ठेवला होता. तेवढंच लिही, म्हणतो. आमच्या धंद्यातलं गुपित म्हणाल तर ते एवढंच आहे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. कळंबच्या एका घरात आजोबांनी हट्ट धरला की नातवाचा फॉर्म चतुर्थीलाच जाईल, आणि तोही चिंतामणीच्या देवळातून. त्या वर्षी चतुर्थी आली नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी कळंबला केवढी गर्दी असते ते जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सगळ्यांचे मोबाइल एकाच टॉवरवर. पोरगा मंडपात फोन उंच धरून उभा, मागे आजोबा, काका, आत्या, आणि पडद्यावर नुसती चकरी फिरतेय. मी इकडून फोनवर ओरडतोय, 'अरे, बाहेर रस्त्यावर ये!' त्याच्या हातातून फोन घेऊन आजोबा मला म्हणाले, 'दर्शन झाल्याबिगर कायले बाहेर येते तो?' दर्शन झालं तोवर मुदत संपली होती. पुढच्या वर्षी त्यानं आठ दिवस आधी, माझ्याच टेबलावर बसून, वार-तिथी न पाहता फॉर्म भरला. आज तो बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीला आला की आवर्जून भेटतो, आणि तो बोलत असताना मी त्याच्या मनगटावरचं घड्याळ चोरून पाहून घेतो.

ढाणकीचे एक कृषी केंद्रवाले मुलाला घेऊन आले. पहिल्याच भेटीत त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, 'सर, खरं सांगा, कोणाले भेटा लागते?' कुणालाच भेटावं लागत नाही, हे पटवायला मला तीन भेटी लागल्या. मुलाची सराव-मुलाखत घेतली तेव्हा तेही कोपऱ्यात बसले. मी मुलाला विचारलं, दुकानातलं एखादं चांगलं बियाणं लोक नाकारायला लागले तर काय करशील? मुलगा छताकडे पाहू लागला. बापाला राहवेना.

'पहिले मी वावर पाह्यतो,' ते म्हणाले. 'कोणं कवा पेरलं, पाणी कवा पडलं. मंग ज्याले ते बियाणं साधलं त्यालेच दुकानात आणून बसवतो. मी बोललो त लोक म्हणतीन, हा इकून राह्यला. तो बोलला त ऐकतीन.'

मी वही मिटली. म्हटलं, 'फॉर्म तुम्हीच भरा.'

'मी नववी नापास हाय जी,' ते म्हणाले आणि खो-खो हसले. त्या नववी नापास माणसावरही मी आठवडाभर जळत होतो. एवढं साधं, भरीव उत्तर मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

सुचायला हवं होतं तेव्हा तर नव्हतंच. पंचविशीत मला एकदा, एकदाच, एका नावाजलेल्या संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. नाव लिहीत नाही. मी सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. समोरच्या बाईंनी विचारलं, वडील काय करतात? वडील बाजार समितीत मापारी होते, दिवसभर कापसाच्या गाड्यांचं वजन करायचे. मी म्हणालो, व्यापारात आहेत. कसला व्यापार? आणि तिथून मी जो घसरत गेलो तो दरवाजापर्यंत. काट्यावर कोण कसा उभा राहतो, वजनावरून भांडण लागलं की बाबा ते कसं मिटवतात, हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडून निघालं नाही. नंतर दोनदा परीक्षा दिली, बोलावणं आलं नाही. मग क्लास काढला.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

प्रणाली नावाची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा ती शहराबाहेरच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधतात तिथे, ऑफिसात काम करत होती. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी कारखान्यातून स्कूटीवर थेट क्लासला यायची, केसात कापसाचे धागे तसेच. लेखी परीक्षेत तिनं उत्तम गुण मिळवले. फॉर्म भरला तो त्याच संस्थेचा, जिनं मला परत पाठवलं होतं. मी तिची सराव-मुलाखत घेतली.

'कामाच्या ठिकाणी तू काय बदललंस?'

'जास्त काही नाही सर. गाड्यांची वेळ बदलली.'

'म्हणजे?'

'पहाटे आलेल्या कापसाले दव लागलं असते. यंत्र ओलावा दाखवते, अन् भाव कमी होते. दूरच्या गावचे लोक पहाटेच येऊन लागतात, त्यांचाच भाव कापला जाते. जवळचे आरामात दुपारी येतात, त्यांचा कापूस तवरोक सुकते. रोज गेटवर भांडण. मी म्हटलं, दूरच्यांले आदल्या दिवशी फोन करून दुपारची पाळी देऊ. जवळच्यांनी त्याच्या आधी यावं, पण घरीच ऊन दाखवून निघावं.'

'आणि मालकांनी ऐकलं?'

'पहिले नाही ऐकलं. मंग मी एकाच गाडीचा ओलावा सकाळी अन् दुपारी, असा दोनदा मोजून त्यायच्या समोर ठेवला. दोन हप्ते जवळच्या गाववाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मंग भांडणच बंद झालं.'

मी इतकी वर्षं पोरांच्या डोक्यात जे घालायचा प्रयत्न करत होतो ते ही मुलगी घरून घेऊन आली होती. त्या वेळी मला कौतुक वाटलं असं लिहिलं तर हा लेख छान दिसेल. मला कौतुक वाटलं नाही, माझा जळफळाट झाला. कापसाच्या गाड्या माझ्या बापाच्याही समोर उभ्या राहत होत्या. मी त्या लपवल्या आणि हिनं त्याच गाड्या अशा सहज समोर आणून लावल्या. हिला हे कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं, हे तर आणखीच झोंबलं.

इथे शिफारसपत्राची आमची पद्धत सांगायला हवी. संस्थेची अपेक्षा असते की शिफारस करणाऱ्यानं विद्यार्थ्याविषयी स्वतः, त्याला न दाखवता लिहावं. आमच्याकडे साहेब म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' प्राचार्य तसंच म्हणतात, मालक तसंच म्हणतात. पोरगं बिचारं स्वतःची स्तुती स्वतःच लिहितं, लाजत लाजत. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा दोघा मित्रांनी एकच मजकूर आणला. मी न वाचता दोन्हींवर सही ठोकली आणि ती पत्रं एकाच संस्थेत जाऊन पोचली. दोघांनाही बोलावणं आलं नाही. ती चूक निम्मी माझी होती, पण रागावलो मी त्यांच्यावर.

हल्ली कागद राहिला नाही. शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर थेट फॉर्म येतो. प्रणालीच्या मालकांनी नेहमीप्रमाणे 'लिहून दे' म्हटलं, आणि तिनं लिहूनही दिलं. दुसरी शिफारस माझी होती. मला तिनं विचारलं, 'सर, तुमचंबी मी लिहून आणू का?'

'नको,' मी म्हणालो. 'तुझं मी स्वतः लिहितो.'

तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच लाज वाटायला हवी होती.

त्या फॉर्मात निबंधासारख्या प्रश्नांच्या आधी रकाने असतात. तुम्ही आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांमध्ये हा उमेदवार कुठे बसतो? शंभरात पहिला. पहिल्या पाचांत. पहिल्या पंचविसांत. त्याखाली. ह्या रकान्यांशी माझा जुना परिचय. क्लासमध्ये भिंतीला टेकून झोपणाऱ्या पोरालाही मी पहिल्याच रकान्यात खूण करून दिलेली आहे. आपल्या भागातली पोरं, आपण नाही तर कोण ढकलणार, असं म्हणून. त्या दुपारी रिकाम्या क्लासमध्ये मी प्रणालीचा फॉर्म उघडला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा प्रामाणिकपणा आठवला. म्हटलं, सगळ्यांना पहिला रकाना देणं बरोबर नाही. आपल्या शब्दाला काही वजन राहिलं पाहिजे. आणि तिसऱ्या रकान्यात खूण केली. खाली लिहिलं, 'नियमित, नम्र, दिलेलं काम वेळेत करते.' अशा पत्रात एवढेच तीन गुण आले की वाचणारा काय समजतो, हे जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गाड्यांच्या वेळेबद्दल एक ओळही लिहिली नाही. फॉर्म पाठवला आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायलो. चहा चांगला लागला, हेही सांगून टाकतो.

तरीही तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. जाऊन आली. नंतर कळलं की नाव प्रतीक्षायादीत आहे. म्हणजे घेतलंही नाही, नाकारलंही नाही. वरचं कुणी सोडून गेलं तर, आणि संस्थेला वाटलं तर. इकडे कारखान्यात तिनं जाणार म्हणून सांगून टाकलं होतं आणि मालकांनी तिच्या खुर्चीवर आपल्या भाच्याला बसवलं होतं. आता ही जागा हुकली तर हातात काहीच उरत नव्हतं.

ती माझ्याकडे आली ती मोबाइलवरचा मेल दाखवत. प्रतीक्षायादीतल्या उमेदवारानं, हवं तर, शिफारस करणाऱ्या दोघांपैकी एकाचं आणखी एक पत्र दहा दिवसांत पाठवावं.

'मालकांकडून घे,' मी लगेच म्हणालो.

'त्यायचं पत्र त मीच लिहिलं होतं सर. त्याच्यात काय दम?' ती म्हणाली. 'बोलावणं आलं ते तुमच्या पत्रामुळं आलं. तुमी पहिले जे लिहिलं ना, तेच अजून एकदा लिहा. तेवढंच पुरते.'

मी पंख्याचा वेग वाढवायला उठलो. तिच्याकडे पाठ करायला दुसरं काही सुचलं नाही.

दोन दिवस मी टाळाटाळ केली. कोरडं कौतुक लिहून पाठवणं सोपं होतं, पण उपयोग नव्हता. तिथली माणसं दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचणार. पंचविसांतली मुलगी चार महिन्यांत शंभरात पहिली कशी झाली, असं विचारणार, आणि मास्तर दडपणाखाली लिहितोय असं समजून दुसरं पत्र बाजूला टाकणार. म्हणजे तिचं भलं करायचं तर पहिलं पत्र खोटं होतं हे मला स्वतःच सांगावं लागणार होतं. का खोटं होतं, तेही. ते सांगितल्यावर त्या संस्थेत माझ्या सहीची किंमत शून्य. बरं, संस्था कुठली, तर तीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी, क्लास भरायच्या आधी, लिहिलं. इंग्रजीत लिहिलं आणि ह्या वेळी एकही विशेषण वापरलं नाही. गाड्यांची सगळी हकीकत लिहिली, दोनदा मोजलेल्या ओलाव्यासकट. मग लिहिलं की माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही पहिली आहे, आणि मी खूण तिसऱ्या रकान्यात केली कारण मला तिचा हेवा वाटला. तुमच्याच एका खोलीत मी एकदा बसलो होतो आणि तुम्ही मला घेतलं नव्हतं. बरोबर केलंत. हिच्याजवळ जे आहे ते माझ्याजवळही होतं, पण मी ते झाकून ठेवलं. माझ्या खोडीची शिक्षा तिला देऊ नका. पुन्हा वाचलं नाही, वाचलं असतं तर गेलं नसतं. पाठवलं.

उत्तर आलं ते 'आपले पत्र मिळाले' एवढंच, यंत्रानं पाठवलेलं. साताठ आठवड्यांनी प्रणालीला जागा मिळाली. माझ्या पत्रानं मिळाली की वरच्या कुणीतरी नाव मागे घेतलं म्हणून मिळाली, मला आजही माहीत नाही. ती पेढे घेऊन आली. 'सर, काय लिहिलं होतं तुमी?' तिनं विचारलं. मी म्हणालो, 'जे खरं होतं ते.' पेढा नेहमीसारखाच अडकला. एवढं पत्र लिहून मन साफ झालं असेल असं वाचकांना वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. ती खरोखरच जाणार हे कळल्यावर उलट जास्तच खुपलं. त्या संस्थेसाठी मी आता कुणालाही शिफारसपत्र देत नाही. पोरं विचारतात तेव्हा डोळ्यांचं कारण सांगतो.

ती निघाली त्या दिवशी सकाळी मी यवतमाळच्या बसस्थानकावर गेलो होतो. इथून नागपूर, आणि तिथून पुढे रेल्वे. तिचे बाबा आधीच येऊन गाडीच्या चारही बाजूंनी हिंडत होते. टायरवर हात मारला, वाकून खाली पाहिलं, ड्रायव्हरला दोन सूचना दिल्या. मग बॅग आत ठेवून खाली आले आणि खिशातल्या फडक्यानं हात पुसत माझ्याजवळ उभे राहिले.

'सर, एक गोष्ट सांगू?' ते म्हणाले. 'मले पोरीचा हेवा वाटून राह्यला.'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

'खरंच जी. बापानं असं बोलू नाही, पण वाटते त वाटते. मीबी शाळेत बरा होतो. आमच्या बापाजवळ नव्हतं म्हणून डेपोत लागलो. आता इतक्या गाड्या दुरुस्त करून लोकायले कुठं कुठं पाठवलं, मी काही गेलो नाही. काल हिची बॅग भरताना मले असं वाटलं, काहून माह्या वक्ती कोणी नाही भरली?'

एवढं बोलून ते हसले, अगदी मोकळे. डोळ्यांत पाणीही होतं आणि त्याची त्यांना काही लाज नव्हती. प्रणाली पायरीवर उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

'मंग तुमीच बसा ना बाबा गाडीत,' ती म्हणाली. 'मी जातो डेपोत.' तिनं त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली आणि तेही पुन्हा हसले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर तेच हसू. 'अन् सर, तुमाले? तुमाले नाही वाटत आमच्या पोट्ट्यायचा हेवा?'

तिनं थट्टेनं विचारलं होतं. एक शब्द बोलायचा होता. ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत अशा माणसांना मी इंग्रजीत पानभर लिहून कळवलं होतं, आणि इथे बापानं आत्ताच वाट करून दिली होती.

'छे,' मी म्हणालो. 'मला कशाला वाटेल?'

कंडक्टरनं घंटी मारली. ती वर चढली, खिडकीतून हात हलवला, गाडी फाटकातून बाहेर पडून नागपूर रोडकडे वळली. तिचे बाबा बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिले. मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, 'तुमचं मन लय मोठं हाय सर. आमचं नाही जी तेवढं.'

मी मान हलवली आणि ते बोलणंही ऐकून घेतलं. मग ऑटो करून क्लासवर आलो. नवी बॅच बसलेली होती. मी खडू घेतला आणि पहिला धडा सुरू केला, कोणता प्रश्न सोडून द्यायचा.